बारा पानांचं गाव

सोमवारी माझी बायको कामावर गेली. साडेअकराला ती टेबलापाशी कोसळली. साडेबाराला डॉक्टरांनी ती गेल्याचं लिहून दिलं. मला फोन तिच्याबरोबर काम करणाऱ्या डच नर्सने केला.

यातलं शेवटचं वाक्य मी पुष्कळदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. फोन दुसऱ्या कुणी केला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्या एका तासात बायकोचा हात त्या बाईच्या हातात होता, आणि मी रियाधच्या दुसऱ्या टोकाला बँकेच्या चौथ्या मजल्यावर करारांचे मसुदे वाचत बसलो होतो. बायको गेलेल्या माणसाने आधी दुःखाबद्दल लिहावं अशी रीत आहे. ते मला नीट जमत नाही. माझ्या दुःखात ही दुसरी गोष्ट पहिल्यापासून मिसळलेली आहे, आणि ती वेगळी काढता येत नाही.

आम्ही रियाधच्या मलाझ भागात राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. खाली बेकरी होती, तिच्या भट्टीचा वास सकाळी जिन्यातून वर यायचा. बायको एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. मूल नव्हतं. वर्षानुवर्षं उपचार केले आणि मग एका वर्षी दोघांनीही काही न बोलता ते बंद केले. मी मितभाषी माणूस. घरी आलो की वाचत बसायचो. मला एकच नाद होता, आणि तो म्हणजे माझ्या गावाचा इतिहास.

माझं गाव देशावरचं, नदीकाठचं, तालुक्याचं. नदीच्या उतारापाशी आठवड्याचा बाजार भरायचा, त्या बाजाराचं गाव झालं. मग साळी आले, तांबट आले, वारांच्या नावाच्या पेठा बसल्या. मी कॉलेजात असल्यापासून म्हाताऱ्या माणसांना विचारून हे सगळं टिपत आलो होतो, कारण कागदोपत्री काही उरलं नव्हतं. नगरपालिका नव्या इमारतीत गेली तेव्हा जुन्या दप्तरांचे रुमाल दोन ट्रॉल्या भरून रद्दीत गेले. मी चौकशीला गेलो तेव्हा कारकून म्हणाला, "साहेब, वाळवी लागलेली. वाळवीसकट नवीन बिल्डिंगमध्ये न्यायचं का?"

तर माझ्या तीन जाड वह्या झाल्या होत्या. त्या मी रियाधला हातातल्या बॅगेतून आणल्या. विमानतळावर कस्टमच्या माणसाने पानं उलटली, गल्ल्यांचे नकाशे पाहिले आणि माझ्याकडे संशयाने बघू लागला. बायको शेजारून हळूच म्हणाली, "घेतोय का विचारा. देऊन टाकू."

एका शुक्रवारी मी तिला पहिली वही वाचून दाखवायला घेतली. ती भिंतीला टेकून मेथी निवडत होती. पाचव्या पानापर्यंत "हं" येत होतं. सहाव्या पानावर मी वर पाहिलं तर ती झोपली होती, हातात मेथीची काडी तशीच. मी वही मिटली. त्यानंतर मी तिला कधी वाचून दाखवलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही. वह्या कपाटात वरच्या फळीवर गेल्या. तिला माझं गाव नको आहे, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे.

दोन वर्षांनी ती डच नर्स रक्तपेढीत आली. पन्नाशीची, एकटी, उंच. बायको तिला ‘आमची सिस्टर’ म्हणायची. मी मनात ‘ती बाई’ म्हणायचो, अजूनही म्हणतो. इस्पितळाच्या मागे नर्सेसची वसाहत होती, भोवती दोन पुरुष उंचीची भिंत. आत पुरुषांना मनाई. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची. दर गुरुवारी दुपारी जेवणं झाली की मी बायकोला त्या फाटकापाशी सोडायचो आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ती बाहेर येईपर्यंत गाडीत पुस्तक वाचत बसायचो. घरी जाऊन परत येता आलं असतं. मी जायचो नाही.

फाटकावर पेशावरकडचा एक म्हातारा पठाण असायचा. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी तो खिडकीशी येऊन म्हणाला, "साब, एक बात बताओ. यहाँ चौकीदार मैं हूँ कि आप?"

मी हसलो. तो हसला नाही. आत जाऊन त्याने माझ्यासाठी चहा आणला.

"तिच्या संडासात कॅलेंडर आहे," पहिल्याच दिवशी बायको गाडीत बसता बसता म्हणाली.

"संडासात?"

"सगळ्या डच घरांत असतं म्हणे. वाढदिवसांचं. वार नसतात त्यावर, नुसत्या तारखा. दरवर्षी तेच चालतं. रोज जाऊन बसलं की समोर दिसतं, मग कुणाचा वाढदिवस विसरत नाही."

"शी."

"शी काय? तुम्ही पेपर घेऊन जाताच की."

ते कॅलेंडर तिच्या गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी छापलेलं होतं. बारा महिन्यांना गावाची बारा चित्रं, जानेवारीत सगळ्यात जुनं आणि डिसेंबरात आजचं. त्या दोघी ते खिळ्यावरून काढून कॉफीच्या टेबलावर ठेवायच्या. एका गुरुवारी एक पान. बायको घरी येताना त्या पानाची गोष्ट घेऊन यायची, आणि मी गाडी चालवत ऐकायचो.

असं ते गाव माझ्या गाडीत वाढत गेलं. आधी नुसती दलदल आणि नदीचं वळण. पुराच्या वर राहावं म्हणून माणसांनी चिखल, शेण, मोडकी मडकी असं जे हाताला लागेल ते टाकून एक उंचवटा केला, त्यावर चार घरं आणि गुरं. मग त्यावर देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. मग कुण्या सरदाराने बाजार भरवायचा आणि तट बांधायचा परवाना दिला.

"परवाना मिळाल्यावर गाव म्हणायचं. तोपर्यंत नुसती वस्ती," बायको म्हणाली.

"साल काय?"

"तुम्हाला सालच हवं असतं."

मग एकदा गाव जळलं. घरं शेजारी-शेजारी, छपरं गवताची. पुन्हा उभं करताना पंचांनी ठरवलं, जो कौलं घालील त्याच्या कौलांचा निम्मा खर्च गाव देईल. बायकोला हे फार आवडलं. स्वयंपाक करता करता ती मध्येच म्हणायची, "निम्मा खर्च, अहो! किती साधी गोष्ट. हुकूम काढायच्या ऐवजी निम्मा खर्च."

तिला सगळ्यात आवडलेलं पान मे महिन्याचं होतं. त्यात एक गोल तळं होतं. तिथे एका हिवाळ्यात बांध फुटला होता, आणि आत घुसलेल्या पाण्याने जमीन इतकी खोल उकरली की खड्डा बुजवता येईना. माती टाकावी तितकी गिळायचा. शेवटी लोकांनी नाद सोडला आणि नवा बांध त्या तळ्याला वळसा घालून नेला.

"अजून तिथला रस्ता वाकडा आहे," बायको म्हणाली. "आमची सिस्टर लहानपणी त्या वळणावर रोज सायकलवरून पडायची."

"आपल्याकडचे रस्ते सगळेच वाकडे आहेत. त्याला तळंही लागत नाही."

ती खूप हसली. पण मला हसू नको होतं.

मला काय हवं होतं ते मला पुढच्या एका गुरुवारी कळलं. त्या दिवशी आगगाडीचं पान होतं. आगगाडी येणार म्हटल्यावर गावातल्या थोरांनी रूळ जवळ येऊ दिले नाहीत, धूर नको, आवाज नको, गाई बिथरतील. म्हणून स्टेशन गावाबाहेर शेतात झालं. मग वीटभट्ट्या तिकडे, मजुरांच्या चाळी तिकडे, बँक तिकडे. तट पाडला, खंदक बुजवला, आणि गाव हळूहळू स्टेशनच्या दिशेने सरकत गेलं. माझ्या गावाचं अक्षरशः हेच झालं होतं. आमचं स्टेशन तीन मैलांवर, आणि स्टेशन रोडने आमची जुनी बाजारपेठ ओस पाडली. दुसऱ्या वहीत त्यावर चाळीस पानं आहेत. मी गाडी चालवत वाट पाहत होतो, आता ती म्हणेल, "आपल्यासारखंच की!" सिग्नल लागला, सुटला. ती म्हणाली, "दही संपलंय, थांबाल का जरा?"

त्यानंतर मी त्या गावाचा शत्रू झालो. बँकेत जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर त्याला शोधून काढलं. दीडेक तासात लक्षात आलं की मला जे आयुष्यभर हवं होतं ते सगळं त्या गावाकडे आहे. कोणत्या घरात कधी कोण राहत होतं, कोणाच्या छपरावर कधी कौलं चढली, कोणत्या पुरात किती गाई मेल्या, सगळी पानं छायाचित्रं काढून लावलेली. आमच्या एका पेठेत मावेल एवढं गाव! त्याचं काहीही हरवलं नव्हतं. आमचं सगळं हरवलं होतं, आणि जे उरलं ते वरच्या फळीवर होतं, आणि माझी बायको दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन त्यांचं ऐकत होती.

मी एक चूकही शोधली. चर्चचा मनोरा त्या बाईने सांगितला त्यापेक्षा बराच जुना होता. जेवताना मी ते बायकोला सांगितलं, जरा जास्तच शांतपणे.

"अय्या, हो? सांगते तिला."

पुढच्या गुरुवारी निरोप आला. "ती म्हणाली, बरोबर आहे. म्हणाली, तुझा नवरा हुशार आहे, त्याला आमच्या गावात आवडेल."

मी गाडी सुरू केली.

एक प्रसंग मात्र मी टाळत आलो आहे. बायकोचा वाढदिवस आमच्याकडे तिथीने होई. लग्न झाल्यावर माझ्या आईने मार्गशीर्षातली तिथी लिहून घेतली होती आणि त्या दिवशी ती सुनेला ओवाळायची. आई गेल्यावर रियाधमध्ये मी ते चालू ठेवलं. पंचांग बघून तिथी काढायची, एक साडी, आणि देवाजवळ निरांजन. तारीख मला माहीत होती, इकाम्यावर, तिच्या रहिवासी परवान्यावर, रोज दिसायची, पण तो वाढदिवस आहे असं कधी मनात आलं नाही.

एका संध्याकाळी चार वाजता, मी बँकेतून नुकताच आलो होतो, घरचा फोन वाजला. ती बाई होती. तिची सुट्टी होती, बायको कामावर. ती मोठ्या आनंदाने इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या बायकोबद्दल तुमचं अभिनंदन!" मी "थँक यू" म्हटलं. मग ती म्हणाली, "तुम्ही दोघं फार खूश असाल." आणि फोन ठेवला.

माणसाचं मन किती वेगाने पळतं हे मी त्या दिवशी पाहिलं. बायको बेचाळीस वर्षांची होती. मागच्या महिन्यात तिला दोनदा चक्कर आली होती. ती इस्पितळात काम करते, तपासणी तिथेच झाली असेल. मला सांगायच्या आधी तिने या बाईला सांगितलं, हेही मनात आलं आणि त्या क्षणी मी ते माफ केलं. खाली बेकरीत जाऊन एक किलो बसबूसा, तिथली रव्याची मिठाई, घेतला. बेकरीवाला म्हणाला, "इतना?" मी म्हटलं, "इतना."

साडेपाचला बायको बसमधून उतरून वर आली. मी खोका हातात घेऊनच दार उघडलं.

"हे कशाला?"

"तू सांग."

"काय सांगू?"

"तिचा फोन आला होता. अभिनंदन केलं माझं."

तिने खोक्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या सगळं लक्षात आलं असावं, कारण तिने पर्स खाली ठेवली आणि माझ्या हातातून खोका घेतला.

"अहो, आज तारखेने वाढदिवस आहे माझा," ती म्हणाली. "त्यांच्याकडे ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन करतात. नवऱ्याचं, आईचं, शेजारणीचंसुद्धा. पद्धत आहे ती."

"अच्छा."

"हो."

आम्ही बसून बसबूसा खाल्ला. मला काय वाटलं होतं ते मी बोललो नाही, तिनेही विचारलं नाही. उरलेला दुसऱ्या दिवशी तिने रक्तपेढीत नेला. तिथे रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. त्या बाईने माझ्या बायकोला एक वाढदिवस दिला होता ज्यात मी नव्हतो. तो तिच्या संडासात लिहून ठेवला होता, आणि तो दरवर्षी येणार होता.

त्यानंतर एकदाच आला.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी तो सोमवार आला. कागदपत्रं, शिक्के, विमान, गावी नदीवरचे दिवस, यावर मला लिहायचं नाही. महिन्याभराने मी परत आलो, कारण नोकरी होती आणि दुसरीकडे कुठे जायचं ते सुचत नव्हतं. त्या बाईचे फोन येत. मी घेत नसे. परत आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी जेवण झाल्यावर मी गाडी काढली आणि भान आलं तेव्हा त्या फाटकापाशी उभा होतो. पठाण तीन महिने मुलखाला जाऊन आलेला, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने हात वर केला आणि ओरडून विचारलं, "मॅडम अंदर गई क्या, साब?"

मी सांगितलं. त्याने माझ्या खिडकीला हात टेकला. मग आत जाऊन त्याने चहा आणला.

मी त्यानंतरही गुरुवारी तिथे जात राहिलो. का, ते सांगता येणार नाही. एकदा ती बाई बाहेर आली. पठाणाने तिला कळवलं असणार. अंगावर काळा पायघोळ अबाया, डोकं उघडं, हातात एक लांबट पिशवी. परका पुरुष आणि परकी बाई कुठे बसून बोलणार? पठाणाने आपली प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर आणून तिच्यासाठी ठेवली आणि स्वतः चौकीत आमच्याकडे पाठ करून बसला. ती खुर्चीवर बसली नाही. गाडीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती, असे आम्ही उभे राहिलो.

ती कायमची परत चालली होती. त्या आठवड्यातच.

"मला तुमच्या गावाची आठवण येईल," ती म्हणाली.

मी म्हटलं, "रियाध माझं गाव नाही."

"रियाध नाही. तुमचं गाव. नदी, बाजार, वारांच्या पेठा. तीन मैलांवरचं स्टेशन! त्या दिवशी आम्ही दोघी केवढ्या हसलो. ती म्हणाली, दोन्ही गावांतले म्हातारे एकाच शाळेत शिकले असणार."

मी गाडीच्या टपावर हात ठेवला. टप तापलेला होता, तरी काढला नाही.

ती बोलतच होती. तिला वाटत होतं, मला हे सगळं माहीत आहे. दर गुरुवारी आधी तिचं गाव आणि मग माझं, असा त्यांचा क्रम होता. एक पान तिने सांगायचं, एक माझ्या बायकोने. बायको आदल्या दिवशी वही वाचून यायची. मी बँकेतून येण्याआधी, दुपारपाळी नसली की. फळीवरच्या वह्यांवर धूळ नसे, हे मला तेव्हा आठवलं. रियाधमध्ये सगळ्यावर धूळ असते.

"आणि तो तांबट," ती बाई म्हणाली. "तो माझा सगळ्यात आवडता."

तांबट माझ्या तिसऱ्या वहीत आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. प्लेगच्या वेळी सगळं गाव शेतात झोपड्या बांधून राहायला गेलं, एक तांबट तेवढा मागे राहिला आणि रोज सकाळी तासभर भांडं ठोकत बसायचा, म्हणजे झोपड्यांत लोकांना ऐकू जावं की गाव अजून आहे. हे मला एका निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं होतं. मी अर्धं पान लिहिलं आणि समासात लाल शाईने शेरा मारला: पुरावा नाही. हे मी जन्मात कुणाशी बोललो नव्हतो.

"ती सांगायची ना, तेव्हा टेबलावर चमच्याने ठोकून दाखवायची," ती बाई म्हणाली. तिचे डोळे भरले. "आणि ते भांडं रोज ठोकून ठोकून किती पातळ झालं! शेवटी लोक परत आले तेव्हा त्याने ते कुणाला दिलं... पण तुम्हाला तर ठाऊकच आहे."

माझ्या वहीत ते भांडं पातळ होत नाही. ते कुणाला दिलं जात नाही. तिथे फक्त ‘भांडं’ एवढाच शब्द आहे. पुढचं माझ्या बायकोने रचलं होतं, माझ्या गावाबद्दल, आणि ते या बाईला सांगितलं होतं, मला नाही. मेथी निवडताना झोपलेली बाई ती हीच. वाचून झाल्यावर तिने मला कधी विचारलं असतं, "मग त्या भांड्याचं काय झालं?" तर मी म्हटलं असतं, पुरावा नाही. हे तिला माहीत असणार.

विचारण्याची ती वेळ होती. समोरची बाई सांगायला आतुर होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती जागा, ती कॉफी, तो चमचा, सगळे गुरुवार तिच्याकडे होते.

"हो," मी म्हटलं. "ठाऊक आहे."

तिने मान हलवली. पिशवी टपावर ठेवली, म्हणाली, "हे तुमचं," आणि आत गेली. पठाणाने खुर्ची उचलली.

पिशवीत ते कॅलेंडर होतं. घरी येऊन मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. उंचवटा, तट, आग, तळं, स्टेशन, वीटभट्टी, आणि डिसेंबरात जुन्या सफरचंदाच्या बागेवर उठलेली नव्या घरांची रांग. बायकोच्या तारखेवर तिचं नाव त्या बाईच्या अक्षरात आहे. माझ्या तारखेवर बायकोच्या अक्षरात, देवनागरीत, ‘अहो’ एवढंच लिहिलेलं आहे. शेवटच्या पानाच्या मागे त्या इतिहासप्रेमी मंडळींचा पत्ता छापलेला आहे. तिथे पत्र टाकलं तर त्या बाईपर्यंत पोचेल. मी दोनदा लिहायला बसलो. विचारायचं तर आधी कबूल करावं लागेल की मला ठाऊक नव्हतं. दोन्ही पत्रं वहीत आहेत.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी मलाझमध्ये त्याच घरात राहतो. तीन वह्या कपाटाच्या फळीवर आहेत आणि कॅलेंडर संडासात खिळ्याला टांगलेलं आहे. तांबटाची अर्धी गोष्ट माझ्याकडे आहे. उरलेली त्या बाईकडे आहे.